काळ्या पिलांचा आळ

आधीच सांगते, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं रेशनच्या दुकानातली सही आणि वाण्याची यादी एवढंच लिहिणं हाताला राहिलं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्यात. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंडाला कोरड पडते. जे बोलायला हवं होतं ते सगळं नंतर भांडी घासताना सुचतं, आणि तेव्हा ऐकायला नळाशिवाय कुणी नसतं.

आमचं घर कसबा बावड्याच्या अगदी कडेला. पुढं रस्ता आणि नवे बंगले, मागं उसाची रानं. मागच्या दारात बसलं की पाखरं दिसतात. माणसांत बोलत नाही म्हणून मी त्यांच्याकडं बघत बसते, पण पाखरं भोळी असतात असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. एकदा रानात एक टिटवी पंख फरफटत माझ्यापुढं चालली होती. मला वाटलं, पंख मोडला बिचारीचा. मी तिच्या मागं बांधापर्यंत गेले, तर तिथून ती सरळ उडाली आणि वर ओरडत फिरू लागली. तिची अंडी मागं होती, जिथं मी आधी उभी होते तिथंच. मला तिथून हलवायला तिनं ते सोंग केलं होतं. कावळ्याचं तसंच. भाकरीचा तुकडा पत्र्याखाली लपवताना दुसरा कावळा बघत असला, तर हा नुसतं लपवल्यासारखं करतो आणि तुकडा चोचीतच घेऊन निघून जातो. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तेव्हापासून पाखरू काही करताना दिसलं की हे खरं का सोंग, असं मनात येतंच.

माणसांच्या बाबतीत तर जास्तच येतं.

आमच्या शेजारी माझी चुलत जाऊ राहते. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी त्यांना आक्का म्हणते. आक्कांचा आवाज असा की त्या घरात बोलल्या तर रस्त्यावरचा माणूस उत्तर देईल. त्यांनी मागच्या बाजूला जाळी मारून काळ्या कडकनाथ कोंबड्या पाळल्या. पिसं काळी, पाय काळे, चोच काळी, आत मांससुद्धा काळं. अंडी महाग जातात. मंगळवार पेठेतल्या एका तालमीतली पोरं गाडीवर येऊन घेऊन जातात.

पण या काळ्या कोंबड्यांची एक खोड आहे. अंडी घालतात आणि विसरून जातात. उबवायला बसत नाहीत. बसल्याच तर दोन दिवसांनी उठून दाणे टिपायला लागतात. त्यामुळं आक्कांना पिलं हवी असली की गावठी कोंबडी शोधावी लागायची. आणि माझी तांबडी कोंबडी पिवळ्या पायांची, पक्की गावठी. खुडूक बसली की जागची हलत नसे. अंगाखाली हात घातला तर चोच मारून रक्त काढायची. दिवसातनं कितीतरी वेळा अंडी चोचीनं फिरवून घ्यायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऊब लागते. पिलं बाहेर यायच्या आधी अंड्यातनंच चिवचिव करतात आणि कोंबडी हळू आवाजात त्यांना उत्तर देते. कान लावून बसलं तर दोघांचं बोलणं ऐकू येतं.

आमच्याकडं निम्म्यानं द्यायची रीत आहे. अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिलं निघाली की निम्मी-निम्मी. आक्का एकदा म्हणाल्या, "तुझी तांबडी दे की निम्म्यानं. माझी अंडी ठेव तिच्याखाली." मी नुसती मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, हे मलाही नीट माहीत नव्हतं. आक्कांनी होकाराची धरली.

त्याच वेळी पन्हाळ्याला लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. मी आठ-दहा दिवस तिकडं गेले. कोंबडी आक्कांच्या जाळीत सोडून गेले. तिथं आक्कांचा काळा कोंबडा होता, मोठा, मान ताठ. माझा कोंबडा जत्रेत पावण्यांसाठी कापला होता आणि बंगलेवाल्यांना पहाटेची बांग नको म्हणून गल्लीत दुसरा कोंबडा उरलाच नव्हता. आक्कांचा हेतू असा की तांबडी त्यांच्याकडंच खुडूक बसावी. ती बसली नाही. नुसतं खाल्लं, अंडी घातली आणि मजा केली. अंडी आक्कांनी घेतली, त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं.

परत आल्यावर मी कोंबडी घरी आणली. आक्का म्हणाल्या, "लई खादाड हाय तुझी. माझ्या कोंबड्यांचं पण खाल्ली." घरी आल्यावर कोंबडी अंडी घालायचीच थांबली. मला शंका आली, आक्कांनी तिला काही खायला तर घातलं नाही? मग एक दिवस कोंबडीच दिसेना. शोधत शोधत बघते तर शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, ढिगाआड अंग फुगवून बसलेली. थांबली नव्हती तर. चोरून तिथंच घालत होती. तिच्याखाली आठ-नऊ अंडी होती. मी म्हटलं, बस बाई. कोंबड्याशिवायची अंडी, यातनं काही निघायचं नाही, कंटाळशील आणि उठशील.

तीन आठवड्यांनी पहाटे शेणींमागनं चिवचिव ऐकू आली.

सात पिलं होती. मी जागीच बसले. घरात कोंबडा नाही, आणि पिलं? त्यातली चार काळी, कोळशासारखी, पायसुद्धा काळे. तीन तपकिरी, पायांना नुसती काळपट झाक. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा नव्हे. मनात एकच आलं, ही अंडी माझ्या कोंबडीची नाहीत, कुणीतरी इथं आणून ठेवली.

कुणी, हा विचार पुरा व्हायच्या आत आक्का मागच्या दारात उभ्या होत्या.

"ही काय गं? कुटनं आली?"

"शेणींच्या मागं... खुडूक बसलती," मी म्हटलं.

"व्हय? कोंबडं न्हाई घरात आन् पिलं काळी? आभाळातनं पडली?"

"आक्का, मला बी कळंना..."

"तुला कळंना, मला कळतंय की! किती दिवस झालं माझ्या जाळीतली अंडी गायब हुत्यात. मी म्हंतो मुंगूस असंल, मी म्हंतो घूस असंल. घूस हितं शेजारीच हाय! निम्म्यानं द्यायला नको म्हणून सगळीच घेतलीस व्हय गं?"

समोरच्या बंगल्याच्या खिडक्या उघडल्या. मला सांगायचं होतं की मी तुमच्या जाळीला हात लावला नाही. तोंडातनं आलं ते एवढंच, "न्हाई हो." तेही इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही. जो घाबरतो त्यानं केलंच आहे असं लोकांना वाटतं, आणि मी तर लहानपणापासून घाबरल्यासारखीच दिसते.

हे साखर कारखान्यातनं पाळी संपवून आले तेव्हा आक्का अजून बोलतच होत्या. यांनी सायकल लावली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, किती झालं तुमचं?"

"ईस अंडी तर नक्की. तीस रुपयानं एक. हिसाब तुमीच करा."

यांनी आत जाऊन सहाशे रुपये आणले आणि देऊन टाकले. माझ्याकडं बघितलं नाही, विचारलं नाही. जेवताना म्हणाले, "भावकीत शोभा कशाला? मिटलं." मी भाकरी वाढत होते. मिटलं कसं? पैसे दिले म्हणजे चोरी कबूल केली. आणि यांनी मला विचारलं नाही ते भांडण टाळायला, का यांनाही तसंच वाटलं? हा प्रश्न माझा अजून पुरता सुटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घालायला गेले. मी आले तशा बायका गप्प झाल्या. एकीनं आपली किटली उगाच जवळ ओढली. मला बघून ओढली का सहज, कोण जाणे. पण मी ते बघितलं.

मी मग ठरवलं की कोण काय करतंय ते बघायचंच. माझ्या मनात पक्कं बसलं होतं की आक्कांनीच अंडी आणून ठेवली. आळ घ्यायचा, पैसे उकळायचे, आणि वर पिलं पण मागायची. आमच्या न्हाणीच्या भिंतीला एक वीट निघालेली आहे. तिथनं आक्कांची जाळी सरळ दिसते. मी धुण्याचं निमित्त करून तिथं बसू लागले. आक्का कधी येतात, पदराखाली काय नेतात, आमच्या बाजूला बघतात का. आक्का यायच्या, दाणे टाकायच्या, अंडी गोळा करायच्या, कोंबड्यांना शिव्या द्यायच्या आणि जायच्या. शिवीसुद्धा कोंबडीच्या नावानंच, माझ्या नाही.

आणि एक गोष्ट रोज व्हायची. बांधाच्या झुडपातनं एक पाखरू यायचं. काळं अंग, विटकरी पंख, लांब शेपूट, डोळे लाल. आम्ही त्याला कुंभारकावळा म्हणतो, पुस्तकात भारद्वाज म्हणतात. तो कावळ्यासारखा उडत येत नाही, कारकुनासारखा पाय टाकत चालत येतो. तो दिसला की दिवस चांगला जातो असं सगळे मानतात. आक्का तर परीक्षेला निघालेल्या पोरांना थांबवून दाखवायच्या. तो कुंपणावर दिसला की हातातली पाटी खाली ठेवून दोन्ही हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "आलास व्हय देवा? आज काय तर चांगलं कर."

आक्का हात जोडून आत गेल्या की देव खाली उतरायचा.

पहिल्या दिवशी मला वाटलं तो किडे टिपतोय. दुसऱ्या वेळी बघितलं, जाळीच्या कोपऱ्यात पत्रा वाकून फट पडली होती, तिथनं तो आत शिरला. कोंबड्या कलकलल्या. तो सरळ अंड्यांच्या पाटीकडं गेला, चोचीनं एक फोडलं आणि खाल्लं. मग आला तसा चालत निघून गेला. मागं कवच राहील म्हणून मी बघत होते. ते पण राहिलं नाही. काळ्या कोंबड्याच त्यावर तुटून पडल्या आणि कवचासकट सगळं साफ केलं. मला पटेना. वाटलं, हेही सोंगच असंल. मी पुन्हा पुन्हा बघितलं, तेव्हा कुठं विश्वास बसला.

यांना सांगितलं तर हसले. "कुंभारकावळ्यावर आळ घेतीस? वहिनींना जाऊन सांग की, बघू तुला जिवंत सोडतात का."

मी सांगितलं नाही. एक दिवस आक्का हात जोडून आत निघाल्या, तशी मी कुंपणातनं गेले आणि त्यांचा हात धरला. तोंडावर बोट ठेवलं. आक्का एवढ्या चकित झाल्या की गप्प बसल्या. आयुष्यात मी त्यांना कधी हात लावला नव्हता. त्यांना न्हाणीत आणलं, त्या विटेच्या भोकाला डोळा लावायला लावला.

"काय हाय गं? साप हाय?"

"बघा की."

बराच वेळ गेला. मग आक्कांनी भिंतीला दोन्ही हात टेकले. "आग्गं बया! देवा!" आणि लगेच, "आरं मुडद्या!" त्या तशाच बाहेर धावल्या आणि पायातली चप्पल काढून फेकली. देव उडाला. आक्का जाळीजवळ उभ्या राहून त्याच्या सात पिढ्या काढत होत्या, ज्याला मघाशी नमस्कार केला त्याच्या. मला हसू आलं होतं, पण मी दाबलं.

मला वाटलं, संपलं. आक्का परत आल्या आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बरं. अंडी त्यानं खाल्ली. मग काळी पिलं कुटनं आली? ती बी त्यानंच घातली व्हय?"

तेव्हा मला कळलं की आक्कांनाही खरंच कळत नाही. अंडी त्यांनी ठेवली असती तर त्यांनी हा प्रश्न विचारलाच नसता. माझ्या मनातली शंका तिथंच ढिली झाली. पण मग पिलं कशी झाली, याची भीती जास्त वाटू लागली. आक्कांनी नाही, मी नाही, मग तिसरं कोण आमच्या शेणींपर्यंत येतंय? मी रोज मागच्या दाराला आतनं काठी लावू लागले.

पुढच्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आक्कांच्या कोंबड्यांना लस टोचायला आल्या. वयानं लहान, स्कूटीवर आलेल्या. आक्कांनी त्यांना सगळी कहाणी सांगितली, अर्थात आपल्या बाजूनं. मी कुंपणापलीकडं पिलांना कण्या टाकत होते, ऐकू येईल इतक्या जवळ.

बाई म्हणाल्या, "कोंबडी तुमच्या कोंबड्यात होती ना? मग झालं की."

"तवाची अंडी मीच खाल्लो की वो. ही घरी गेल्यावरची. तितं कोंबडं न्हाई."

"लागत नाही रोज कोंबडा. कोंबडीच्या पोटात बारीक बारीक पिशव्या असतात. कोंबड्याचं बीज त्यात साठवून ठेवते ती. दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. त्या काळात घातलेल्या अंड्यांतनं पिलं निघतात."

आक्का तोंडावर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "एवढं दिवस? पोटात?"

मला तर ती थापच वाटली. बाईंना दोघींचं भांडण मिटवायचं असंल, म्हणून काहीतरी शास्त्रातलं सांगितलं असंल. आमच्या आईनं, आजीनं आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, कुणी हे बोललं नाही. त्यांनी कोंबडा कापला की पुढची अंडी बाजारात विकायची, उबवायची नाहीत. कधी बघायलाच गेल्या नसतील.

बाईंनी कुंपणावरनं माझ्या पिलांकडं बघितलं. "आणि काकू," त्या आक्कांना म्हणाल्या, "तुमची अंडी असती तर सगळीच पिलं काळी झाली असती. ही तीन बघा की, पाय फिके आहेत. काळ्या कोंबड्याची आणि पिवळ्या पायांच्या कोंबडीची अशीच होतात. बहुतेक काळ्या निघतील त्या तलंगा, म्हणजे माद्या, आणि फिके निघतील ते कोंबडे. मोठी झाली की बघा."

आक्का "बघू" म्हणाल्या. मीही मनात "बघू" म्हटलं. आमच्या दोघींचं आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

त्यानंतर आक्का रोज काही ना काही निमित्त काढून मागच्या दारात यायच्या. कधी कोथिंबीर, कधी काडेपेटी. डोळे मात्र पिलांवर. मी पण त्यांच्यावर डोळा ठेवून होते. एखादं काळं पिलू उचलून फिकं सोडलं तर? म्हणून प्रत्येक पिलाच्या पायाला मी हिरवा दोरा बांधला. आक्कांनी तो बघितला आणि ओळखलं. "लई हुशार झालीस गं," म्हणाल्या. कौतुक होतं का टोमणा, ते मी ठरवलं नाही.

पिलं वाढली. फिक्यांच्या डोक्यावर तुरे फुटू लागले. काळ्या चौघी बारीक डोक्याच्या, मऊ, गप्प. एक दिवस दुपारी एका फिक्यानं भिंतीवर चढून फाटक्या आवाजात बांग दिली, गळ्यात काही अडकल्यासारखी. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. काळ्यांतली एकही आरवली नाही. आक्का त्यांच्या मागच्या दारात भांडं पुसत उभ्या होत्या. भांडं हातातच राहिलं.

संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या आणि पदराची गाठ सोडली. "हे घे. चारशे हायत."

"सहाशे दिलेले," मी म्हटलं.

"दोनशे दाण्याचं कापून घेतलो. किती दिवस खाल्ली की तुझी खादाड माझ्याकडं."

मी पैसे घेतले. रात्री झोपेपर्यंत काही सुचलं नाही. सकाळी भांडी घासताना सुचलं. आणि त्या दिवशी मी भांडी तशीच टाकून डेअरीत गेले, सुचलेलं विसरायच्या आत.

आक्का तिथंच होत्या. दुधाचं बिल घ्यायचा दिवस होता, त्यामुळं सगळ्या बायका होत्या. मी रांगेत उभी न राहता सरळ त्यांच्यापुढं गेले. तोंडाला कोरड पडलीच, पण शब्द आले.

"आक्का, दोनशे राहिलं."

सगळ्यांच्या किटल्या थांबल्या. आक्कांनी मान वळवली. "दाण्याचं सांगितलो की तुला."

"दाणं खाल्लं. आन् तितं घातलेली अंडी तुमीच खाल्ली की. ती माझ्या कोंबडीची होती." पुढचं मी एका दमात बोलले. "सगळ्यांसमोर घूस म्हणालात. सगळ्यांसमोर द्या."

कोपऱ्यात बंगल्यातल्या जैन काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "देऊन टाका हो एकदाचं. आमच्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत, पण तुमच्यामुळं तीन महिने झाले तेच ऐकतोय." सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या, आधी तोंड वाकडं करून आणि मग खरंच.

"मुकी म्हणता म्हणता बोलाय लागली की गं ही!" त्या म्हणाल्या आणि खिडकीतल्या माणसाकडं वळल्या. "बिलातलं दोनशे हिला द्या. आन् आयका गं सगळ्याजणी, हिनं अंडी घेतली न्हाईत. त्या मुडद्या कुंभारकावळ्यानं खाल्ली."

हे दारात सायकल धरून उभे होते. कधी आले मला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं असंल. माझ्या हातातली किटली घेतली आणि हँडलला अडकवली. त्यांना आधी काय वाटलं होतं, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

खिडकीतनं दोन नोटा आल्या. मी त्या तिथंच, सगळ्यांसमोर, दोन्ही बाजूंनी बघितल्या, एकीला चिकटपट्टी नाही ना ते तपासलं आणि घडी करून कनवटीला खोचल्या. सहाशे पुरते झाले.